नाव यादीत आलंय आणि मला जायचं नाहीये

हे पत्र चिपळूणहून आलंय. बरंच मोठं होतं, मी कमी केलंय, गाळलेलं काही खाली उत्तरात येईल, शब्द मात्र तिचेच आहेत.

"ताई, माझं वय ४१. सरकारी बँकेत क्लार्क आहे, २०१२ ला लागले, आयबीपीएसच्या, म्हणजे बँकांच्या सामाईक परीक्षेच्या, पहिल्या भरतीतली. जेएआयआयबी झालं, सीएआयआयबी झालं, बँकेतल्या बढतीच्या कामाच्या दोन्ही परीक्षा. २०१८ ला ऑफिसरचं प्रमोशन आलं होतं, नको म्हटलं, तेव्हा मुलगी दुसरीत होती आणि सासरे अंथरुणाला खिळलेले, त्यामुळे कोणी काही बोललंही नाही. आता परत यादीत नाव आलंय. सासरे गेले, मुलीची दहावी झाली, पोस्टिंग बहुतेक परराज्यात मिळेल. म्हणजे नाही म्हणायला कारणच उरलं नाही आणि मला तरी जायचं नाहीये. मला काऊंटर आवडतो, माणसं आवडतात, २०२१ च्या पुरानंतर तर जास्तच. पण बॅचमधले काहीजण स्केल थ्री, म्हणजे ऑफिसरच्या तिसऱ्या पायरीवर गेलेत. मागच्या महिन्यात पुण्याला नणंदेच्या वास्तुशांतीला एकाने विचारलं, अजून कॅशलाच का, तर मी म्हटलं प्रोसेसमध्ये आहे. परत येताना गाडीत मुलगी म्हणाली, आई तू खोटं का बोललीस, आणि मग थोड्या वेळाने म्हणाली, तू एवढी हुशार मग मागे का राहिलीस. मिस्टर म्हणतात तुला हवं ते कर. महिनाअखेर बँकेला हो-नाही कळवायचंय. यश म्हणजे काय ते मी खरंच माझं मी ठरवतेय, का घाबरलेय आणि त्याला चांगलं नाव देतेय?"

अगं, तुला तू म्हणते, माझ्यापेक्षा वीसेक वर्षांनी लहान आहेस, चालेल ना.

पत्र तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा त्या "प्रोसेसमध्ये आहे" पाशी थांबले, कारण असंच एक वाक्य मी स्वतः चार वर्षं वापरलंय, फक्त उलट्या बाजूने. १९९८ ला मला प्रमोशन मिळालं, कल्याणहून नागपूर. मुलगा सातवीत. मी सगळ्यांना सांगितलं, सासूबाईंना, शेजारी, शाळेत त्याच्या बाईंना, की काय करणार नाईलाज आहे, सरकारी नोकरीत नाही म्हणता येत नाही. येत होतं. एका ओळीचा अर्ज द्यायचा होता, माझ्याच यादीतल्या एका बाईंनी तो दिला पण होता. मला ती खुर्ची हवी होती गं. मला माहीत होतं मी ते काम चांगलं करेन आणि केलंही. पण "मला हवंय" हे तोंडातून निघेना म्हणून नाईलाज पुढे केला. नागपूरला रात्री दर कमी झाले की एसटीडी बूथवर रांगेत उभं राहून घरी फोन करायचे, डोळे त्या लाल आकड्यांवर, आणि मुलगा पलीकडून दर वेळी विचारायचा, तुझ्या साहेबांना सांग ना परत पाठवायला, आणि मी म्हणायचे, सांगते हं. खूप वर्षांनी, तो नोकरीला लागल्यावर, घरी कोणाशी तरी बोलता बोलता माझ्या तोंडून त्या अर्ज देणाऱ्या बाईंची गोष्ट निघाली. तो तिथेच बसला होता. म्हणाला, म्हणजे तुला जायचं होतं? हो म्हटलं. म्हणाला, मग तेव्हाच सांगायचंस ना, मी चार वर्षं उगाच तुझ्या ऑफिसला शिव्या दिल्या.

मी गेल्याचा राग त्याला नव्हता. मी ठरवलं आणि नाव दुसऱ्याचं घेतलं, ते त्याला लागलं.

म्हणून सांगते, जा किंवा राहा, त्यावर मी तुला काही ढकलणार नाही. पण २०१८ ला तू सासऱ्यांचं आणि मुलीचं कारण सांगितलंस, खरं होतं ते, पण पूर्ण खरं होतं का? तेव्हाही तुला काऊंटर आवडतच असणार, फक्त ते सांगायची वेळ आली नाही कारण घरात आजारी माणूस असलं की बाईला दुसरं काही सांगावं लागतच नाही, लोकच कारण हातात आणून देतात. आता ते कारण गेलं आणि तू उघड्यावर आल्यासारखी झालीस. "कारणच उरलं नाही" असं लिहिलंयस. तुला नको आहे हे कारण नाही का?

पण घाबरतेयस का ते शोधायलाच हवं, तू विचारलंयस म्हणून. त्यासाठी एक प्रश्न देते, आजच्या आज स्वतःला विचार. समज उद्या ऑर्डर आली, स्केल वन, म्हणजे ऑफिसरची पहिली पायरी, पोस्टिंग चिपळूणलाच, तुझ्याच शाखेत, त्या आतल्या काचेच्या केबिनमध्ये. घेशील? पटकन काय येतं ते बघ, विचार करून नको. "हो" आलं तर तुला बदली नकोय, पद हवंय, आणि मग एवढ्यात नकार लिहून देऊ नकोस, आधी भांड. अर्थ मंत्रालयाने २०१४ मध्येच सरकारी बँकांना सांगितलेलं आहे की महिला कर्मचाऱ्यांना शक्यतो नवरा असेल त्या गावी किंवा जवळपास ठेवा. तो हक्क नाहीये, विनंतीच असते, पण विनंती तू अजून केलीच नाहीयेस, पत्रात तरी दिसत नाही. युनियनच्या माणसाला गाठ, एचआरला लेखी दे, तुझ्या बॅचमधल्या ज्या बायका गेल्या त्यांना खरंच कुठे टाकलं, किती वर्षांनी परत आल्या ते फोन करून विचार. आणि केबिनच्या प्रश्नाला आतून "नको" आलं, म्हणजे केबिन डोळ्यासमोर आणली, तिथे बसलीस, समोर एनपीए झालेल्या, म्हणजे थकलेल्या कर्जांची यादी, रिजनल ऑफिसचा फोन, इन्शुरन्सचं टार्गेट, आणि बाहेर तुझ्या खिडकीवर दुसरंच कोणीतरी, आणि तुला बाहेर जाऊन बसावंसं वाटलं, तर मग ही भीती नाही, ही तुझी आवड आहे आणि तिच्याशी आवड म्हणूनच वागायचं. एक तिसरंही असू शकतं, की प्रश्न ऐकूनच छातीत धडधडलं, मला जमेल का, बॅचमधले काय म्हणतील. ते आलं तर ती भीती. घाबरणं काही वाईट नाही, पण मग मला काऊंटर आवडतो हे वाक्य थोडे दिवस बाजूला ठेव, कारण ते तुला वापरू दिलं तर तू त्याच्यामागे लपशील.

आता पैशाचं. तुझ्या एवढ्या मोठ्या पत्रात तुझ्या पगार-पेन्शनबद्दल अवाक्षर नाही! याची मला सगळ्यात जास्त काळजी वाटली. स्वतःच्या मनाने जगायचं ना, मग त्याचं बिल बघायचं, आणि तू बँकेतली, तुला हिशोब मी शिकवायला नको. मार्च २०२४ च्या पगारकरारानंतर क्लार्कचं बेसिक २४,०५० पासून ६४,४८० पर्यंत जातं, स्केल वनचं ४८,४८० पासून ८५,९२० पर्यंत. तू १४ वर्षांची सीनियर, सीएआयआयबीची इन्क्रिमेंटं धरून, त्यामुळे प्रमोशनच्या पहिल्या महिन्यात फरक फार मोठा दिसणार नाही आणि परराज्यात वेगळं बिऱ्हाड केलं तर तो तिथेच खर्च होईल, हे खरंय. पण पुढचं बघ. तू २०१२ ची, म्हणजे एप्रिल २०१० नंतरची, तुला जुनी ठरलेली पेन्शन नाही, एनपीएस आहे, म्हणजे दर महिन्याला साठेल त्यावर पेन्शन. बेसिक आणि महागाई भत्त्यावर तुझे १० टक्के, बँकेचे १४ टक्के. म्हणजे आजचं बेसिक जितकं लहान तितकी दर महिन्याची जमा लहान, आणि ती १९ वर्षं साठत जाणार. तुझ्या शाखेतले जुने हेड कॅशिअर साठाव्या वर्षी ठरलेली पेन्शन घेऊन घरी गेले, ते "मी आयुष्यभर कॅशला राहिलो, काय बिघडलं" म्हणतात ते त्यांच्यासाठी बरोबर आहे. तुझ्यासाठी तेच वाक्य जास्त महाग आहे. मी हे घाबरवायला सांगत नाहीये. एनपीएसचं स्टेटमेंट काढ, कॅल्क्युलेटर घे, ऑफिसर झाले तर साठीला अंदाजे किती, नाही झाले तर किती, तो फरक कागदावर लिही आणि त्या आकड्याकडे नीट बघ. बघून पण म्हणालीस की चालेल, एवढे पैसे देऊन मी हे आयुष्य विकत घेतेय, तर तुझ्याकडे बोट दाखवायची कोणाची टाप नाही. आणि आकडा बघून पोटात गोळा आला तर तेही आत्ता कळलेलं बरं, साठाव्या वर्षी नको.

हे गणित मिस्टरांबरोबर कर. "तुला हवं ते कर" हे ऐकायला फार छान वाटतं पण त्यात ते स्वतः कुठेच नाहीत. तूच लिहिलंयस दुकान पुरात गेलं आणि त्याचं कर्ज अजून चालू आहे. मग फरक त्यांच्याही खिशाला आहे ना, त्यांना पण बोलू दे, कदाचित म्हणतील दुकान मी ओढतो तू बिनधास्त राहा, कदाचित म्हणतील खरं सांगू का, तुझा पगार वाढला असता तर मला श्वास घेता आला असता. दुसरं उत्तर आलं तर ऐकायला जड जाईल. तरी विचार.

पुराचं तू सहज जाता जाता लिहिलंयस, आणि मला वाटतं तुझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिथेच आहे. २२ जुलै २०२१. वाशिष्ठी नदी बाजारपेठेत शिरली तेव्हा तुमच्या शाखेतही पाणी होतं, पाणी ओसरल्यावर खात्याचे फॉर्म आणि गहाणखतं तुम्ही गच्चीवर वाळत घातलीत आणि वाऱ्याने उडू नयेत म्हणून प्रत्येक कागदावर नाण्याची थैली ठेवलीत, असं लिहिलंयस. आणि मग लोक यायला लागले. पासबुक नाही, आधार नाही, रेशनकार्ड नाही, अंगावर दुसऱ्याचे कपडे. कोणाला खातं नंबर पाठ नाही. आणि तू खिडकीतून चेहरा बघून सांगत होतीस की ह्या खेर्डीतल्या, ह्यांचं खातं सुनेबरोबर जॉईंट आहे, ह्यांच्या सहीत शेवटचं अक्षर नेहमी खाली जातं, नमुना काढून बघा. त्या आठवड्यात मॅनेजर कोण होता गं? तीन वर्षांसाठी आलेला, चांगला असेल, राबला पण असेल, पण त्याला ती माणसं ओळखू येणार नव्हती, त्याची चूक नाही, त्याच्या नोकरीची रचनाच तशी आहे. तुला येत होती कारण तू नऊ वर्षं तिथे होतीस. एका जागी राहिल्यामुळे तुझ्याकडे आलेली ही गोष्ट आहे आणि प्रमोशनच्या मुलाखतीत तिला मार्क नाहीत. तिथे मार्क नाहीत म्हणून तूही तिला मार्क देत नाहीयेस, त्याचं मला वाईट वाटलं.

बाकी आपल्याकडे वेगळ्या वाटेने गेलेल्या माणसांची उदाहरणं द्यायची म्हटली की लोक लगेच हेमलकसाला जातात, गडचिरोलीला जातात. फार मोठी माणसं आहेत ती, मनापासून आदर आहे. पण चिपळूणच्या काऊंटरवरच्या बाईला ती उदाहरणं दिली की तिला वाटतं, मी एवढं थोर तर काहीच करत नाही, मग मला वेगळं वागायचा अधिकार काय. थोर असायची अट नाहीये गं. संध्याकाळी सात वाजता स्वतःच्या घरी असावं आणि उद्या परत त्याच खिडकीत बसावं असं वाटणं, एवढंही पुरतं.

पण एक आहे, आणि हे जरा कडक वाटेल. स्वतःचं माप स्वतः घ्यायचं तर त्या मापाने नापास पण होता आलं पाहिजे. मला असे कितीतरी लोक भेटतात जे म्हणतात माझ्यासाठी समाधान हेच यश, आणि समाधान म्हणजे काय विचारलं तर आज जे चाललंय तेच, कालचं चाललं होतं तेही, उद्या जे होईल तेही. असं माप कधीच कमी भरत नाही म्हणून ते माप नाही, अंगावर ओढून घेतलेली गोधडी आहे. बँकेच्या मापाने तू नापास होऊ शकतेस, पास पण होऊ शकतेस, म्हणूनच तर ते खरं वाटतं आणि छळतं. तुझं माप पण तितकंच खरं कर. एक साधी वही घे आणि एप्रिल ते मार्चचं लिही, तुम्हा बँकवाल्यांचं वर्ष तेच. म्हणजे उदाहरणार्थ तू लिहिलंयस की बचत गटाच्या बायका तुझ्याकडेच येतात कारण फॉर्म तू भरून देत नाहीस, भरायला शिकवतेस. किती गट, या मार्चपर्यंत किती गटांच्या बायका तुझ्याशिवाय स्वतः फॉर्म भरतील, आकडा लिही. नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्याला जे म्हातारे येतात त्यातला एकही माणूस दुसऱ्यांदा एसटीचे पैसे घालून यायला लागू नये, हे लिही. आठवड्यात किती दिवस सातच्या आत घरी, तेही. आणि एक ओळ शिकण्याची पाहिजेच, कारण सीएआयआयबी काही कोणी तुझ्याकडून जबरदस्तीने करून घेतलं नव्हतं, सासऱ्यांचं सगळं आवरून रात्री अकराला पुस्तक उघडणारी बाई आहेस तू, त्या बाईला पुढची १९ वर्षं उपाशी ठेवलंस तर ती तुला सुखाने बसू देणार नाही, कितीही काऊंटर आवडो. काय शिकायचं ते तू ठरव. मग मार्चअखेर क्लोजिंग झालं की वही उघडायची आणि खरे मार्क द्यायचे. दोन वर्षं सलग तुझ्याच मापाने नापास झालीस तर तेव्हा प्रमोशनचा विचार परत कर. म्हणूनच आत्ता नकार देताना नियम नीट वाच, नकारानंतर किती वर्षं परत बसता येत नाही हे बँकेनुसार बदलतं, तोंडी कोणी सांगितलं त्यावर राहू नकोस, सर्क्युलर काढून बघ.

आणि खिडकी जशीच्या तशी राहील असंही धरून चालू नकोस. कॅश डिपॉझिटचं मशीन आलं, भाजीवाल्याकडे क्यूआर कोड आला, तुझ्या शाखेत पासबुक मशीन पण आलं असेल. क्लार्कची पण बदली होते, जिल्ह्यात नाहीतर राज्यात, आणि क्लार्कला पण आता पॉलिसी विकायला सांगतात. तू प्रमोशनला नाही म्हटलंस म्हणून चिपळूणचा काऊंटर तुझ्या नावावर लागला असं नाही. त्यामुळे माप लिहिताना काऊंटर नावाच्या फर्निचरला धरून लिहू नकोस, माणसं ओळखणं, शिकवणं, फेरी वाचवणं याला धरून लिही, म्हणजे उद्या गुहागरला टाकलं तरी वही बरोबर नेता येईल.

वास्तुशांतीतल्या त्या माणसाला काय सांगायचं हेही विचारलंयस शेवटी. दोन वाक्यं. "ऑफिसरच्या यादीत दोनदा नाव आलं, मी घेतलं नाही. मला काऊंटरचं काम आवडतं." आणि तिथे थांबायचं. पुढे सासरे नको, मुलगी नको, दुकान नको. कारण दिलं की समोरचा त्या कारणावर तोडगा देतो, अहो मुलगी काय हॉस्टेलला राहील, आणि मग तू परत दुसरं कारण शोधत बसतेस. आवडतं याला तोडगा नसतो, फार तर तो म्हणेल कमाल आहे, म्हणू दे. आरशासमोर बोलून बघ एकदा, पहिल्यांदा आवाज कापेल. आणि अर्थात हे फक्त केबिनला आतून नको आलं असेल तरच. हो आलं असेल तर तेही असंच सांगायचं, मला ऑफिसर व्हायचंय, गावाजवळ पोस्टिंग मागतेय. तेसुद्धा बायकांना बोलायला जड जातं, मी चार वर्षं बोलले नाही.

मुलीचं मात्र दोन वाक्यांत भागणार नाही. तिचे दोन प्रश्न आहेत आणि पहिल्याला उत्तर सोपं आहे, हो, खोटं बोलले, मला लाज वाटली होती, एवढंच सांग. दुसऱ्याला, मागे का राहिलीस याला, तू तोंडाने काहीही सांगितलंस तरी ती पंधरा-सोळाची आहे, तिला आई सफाई देतेय असंच वाटेल. तिला शाखेत ने. नोव्हेंबरात, हयातीच्या दाखल्यांच्या गर्दीत, सुट्टी बघून, दोन तास बाकावर बसव. तूच वर्णन केलंयस ना, शेतात राबून अंगठ्याच्या रेषा गेलेल्या आजी, मशीन पाचदा नाही म्हणतं, तू रुमालाने त्यांचा अंगठा पुसतेस, जरा ओला करतेस, परत ठेवतेस, तेही झालं नाही तर फोन त्यांच्या तोंडासमोर धरून म्हणतेस, आजी डोळे मिटा, आता उघडा, आणि आजी डोळे मिटून तशाच राहतात, उघडायचं विसरतात, आणि मागे पंचवीस माणसं रांगेत असतात तरी तू परत सांगतेस. हे तिला बघू दे. बघून तिला जे वाटेल ते वाटू दे, कदाचित म्हणेल आई मी असं कधीच करणार नाही, मला मोठी ऑफिसर व्हायचंय. होऊ दे की.

महिनाअखेरीला अजून अकरा दिवस आहेत. केबिनचा प्रश्न आज, बॅचच्या बायकांना फोन या आठवड्यात, रविवारी मिस्टर आणि कॅल्क्युलेटर. काय ठरलं ते मला कळव, हो ठरलं तरी कळव.